फॉर्च्युनर डिझेल हायवेवर जेमतेम १० चं मायलेज देते, कसं वाढवता येईल?

वेग कमी करा. ११०-१२० वर पळवत असाल तर ८५-९० वर आणा, एवढ्या मोठ्या गाडीला याहून स्वस्त उपाय नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० च्या तुलनेत १२० ला तो पावणेदोन पटींवर जातो, आणि ही गाडी म्हणजे चालतं कपाट. टपावर रिकामं कॅरिअर असेल तर तेही उतरवा. टायरमधली हवा टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकीच ठेवा. हवा भरणाऱ्याच्या ‘पस्तीस टाकू का साहेब?’ला मान डोलावू नका. घाट उतरताना न्यूट्रल मात्र करू नका. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आजची डिझेल इंजिनं इंधनाचा पुरवठाच तोडतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं, शिवाय ब्रेक तापतात ते वेगळंच. अर्थात हे सगळं हायवेपुरतं. शहरात दर सिग्नलला दोन टनांच्या आसपासचं धूड नव्याने हलवावं लागतं, तिथे फार फरक पडणार नाही.