सूनबाई सिंगापूरला निघाल्या, तर नाशिकच्या घराने काय करायचं?

पत्र : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. मुलगा-सून नेदरलँड्सला आहेत, नात सात वर्षांची. सूनबाईला तिच्या कंपनीने आशिया विभागाची प्रमुख म्हणून तीन वर्षांसाठी सिंगापूरला विचारलंय. मुलाला नोकरी सोडावी लागेल. तो तयार आहे, पण नातेवाईक म्हणतात, बायकोच्या मागे कुठे फरफटत जातोस? आता तीच नको म्हणायच्या बेतात आहे. तिने जावं असं मला मनापासून वाटतं. इथे बसून मी काय करू शकते?

उत्तर : ताई, पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत. घरातल्या मोठ्या माणसाने ‘जा’ म्हटलं की सुनेच्या मनावरचं मोठं दडपण जातं. पण तेवढ्यावर भागत नाही. तिच्या डोक्यावरची कोणती कामं आता दुसरं कुणी करणार, हे तिला दिसलं पाहिजे.

सुरुवात तुमच्याच घरापासून करू. महावितरणचं बिल, घरपट्टी, यजमानांची शुगरची तपासणी, कामाच्या मावशींचा पगार, गावाकडच्या लग्नाचा आहेर. यातलं किती तुम्ही मुलाला सांगता आणि किती सुनेला? परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत सासरचा सगळा कारभार सुनेच्या फोनवरून चालतो. ती विसरत नाही, चटकन करून टाकते, म्हणून तिलाच सांगितलं जातं. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, ती भर मीटिंगमध्ये तो बघते आणि संध्याकाळी नाशिकच्या मेडिकलवाल्याला फोन करते. हे वर्षानुवर्षं चालतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. मोठं पद समोर आलं की ती मनातल्या मनात हिशेब करते आणि म्हणते, मला नाही झेपणार.

तेव्हा आजपासून तो फोटो मुलाला पाठवा. आईवडील त्याचे आहेत. पहिले काही दिवस तो गोंधळेल, एखादं बिल थकेल. थकू द्या. सुनेला मध्ये घेऊ नका.

दुसरी गोष्ट वेळेची. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिचं मुख्य कार्यालय युरोपात असेल, तर तिथल्या दुपारी तीनच्या बैठकीला सिंगापुरात रात्रीचे नऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात दहा. नाशिकला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा-साडेसात, म्हणजे दिवेलागणीला तुम्ही निवांत होऊन फोन हातात घेता तीच वेळ. त्या वेळी फोन मुलाला किंवा नातीला करायचा. ‘आज काय जेवलीस, अभ्यास झाला का’ हे त्यांनाच विचारा. सुनेशी रविवारी सकाळी बोला आणि तेव्हा तिच्या कामाबद्दल विचारा. तिच्या हाताखाली किती माणसं आहेत, कुठकुठले देश येतात, कुठे अडतंय. सुनेला हे विचारणारी सासू फार कमी जणींना मिळते.

आता मुलासाठी थोडं. हे त्याला वाचून दाखवा. नेदरलँड्समध्ये उच्चकुशल परवान्यावर आलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला नोकरीसाठी वेगळा परवाना लागत नाही. सिंगापुरात तसं नाही. तिथे एम्प्लॉयमेंट पासधारकाचा, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेल्याचा, जोडीदार डिपेंडंट पासवर, म्हणजे अवलंबून असलेल्याच्या परवान्यावर, येतो आणि मे २०२१ पासून त्याला नोकरी करायची तर साधारणपणे स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून चालणार नाही. त्याने नोकरीचे अर्ज नेदरलँड्समधूनच सुरू करायचे, आणि जोडीदाराला नोकरी शोधायला मदत, मुलीच्या शाळेची फी, दरवर्षीची भारतवारी, तीन वर्षांनी परत आल्यावर कोणतं पद, हे सगळं सूनबाईने कंपनीकडे सही करण्याआधी मागायचं. पुरुष या गोष्टी बिनदिक्कत मागतात. आपल्या मुलींना वाटतं, एवढं पद दिलंय, आणखी काय मागायचं? तिला सांगा, माग.

त्याच्या हातात पैसा राहील, याचीही सोय दोघांनी आधीच करावी. काही महिने पगार नसला की माणूस चिडचिडा होतो, मग तो बाई असो वा पुरुष. त्याच्या नावावर दरमहा ठरलेली रक्कम, त्याची गुंतवणूक चालू, आणि दीड वर्षाने दोघांनी बसून फेरविचार. हे कागदावर लिहून ठेवलेलं बरं. आणखी एक, ती दौऱ्यावर निघताना चार डबे करून फ्रीजरमध्ये ठेवत असेल, तर ते बंद. वरणभात, थालीपीठ, अंड्याची पोळी एवढं त्याला येतं ना? नसेल तर व्हिडिओ कॉलवर तुम्ही शिकवा.

राहिले नातेवाईक. नाशिकला तरी हे नवं नाही. महादेव गोविंद रानड्यांची बदली नाशिकला झाली तेव्हा रमाबाई विशीच्याही आत होत्या. पुण्याच्या घरातल्या बायका त्यांच्या शिकण्यावरून टोमणे मारत. रानड्यांनी त्या टोमण्यांना उत्तरं देत न बसता रोज वेळ काढून बायकोला शिकवलं. रमाबाईंचं पहिलं जाहीर भाषण झालं ते नाशिकच्याच हायस्कूलमध्ये.

तुम्हीही वाद घालू नका. कॉलेज रोडच्या कुठल्या लग्नात कुणी विषय काढलाच, तर सुनेचं पद पूर्ण सांगा, ‘अख्ख्या आशियाचं काम बघणार आहे ती’, आणि मुलाबद्दल म्हणा, ‘तो घर आणि नात सांभाळून तिथे नवं काम शोधतोय, मला त्याचा अभिमान वाटतो.’ कौटुंबिक ग्रुपवर ही बातमी मुलाने नव्हे, तुम्हीच टाका. सासूनेच आनंदाने सांगितल्यावर पुढचं बोलायची हिंमत फारशी कुणी करत नाही.

आणि तुम्ही जाणार का, तर जरूर जा. पण पहिले दोन-तीन महिने नको, त्यांचं बस्तान बसू द्या. पासधारकाचा ठरावीक पगार महिना १२,००० सिंगापूर डॉलर किंवा जास्त असेल, तर आईवडिलांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिजिट पासचा अर्ज करता येतो. सूनबाईच्या पदाला तेवढा पगार असण्याची शक्यता आहे, विचारून घ्या. मात्र नात सांभाळायला म्हणून वर्षभर राहू नका. घर कसं चालवायचं हे त्या दोघांना बसवू द्या. तुमचा आणि यजमानांचा पासपोर्ट आजच काढून बघा. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाला मुंबई गाठायला नको, ते काम नाशिकमध्येच होतं.