शिबिराचं ध्येय आणि विश्वासाचं निवेदन: तयार मसुदा उचलण्याआधी

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीच्या तरुण संघाला वाईच्या पुढे दोन एकर जागा मिळाली आहे आणि तिथे मुक्कामी शिबिरं, रिट्रीट (प्रार्थना-मननासाठीचा एकांतवास) चालवायची आहेत. कमिटीतल्या कुणीतरी एका अमेरिकन कॅम्पचं 'आमचं ध्येय, आमचा विश्वास' हे पान मराठीत करून आणलं. आता निम्मे म्हणतात सह्या करून मोकळे होऊ, निम्मे म्हणतात यातलं बरंच आपण कधी शिकवलेलंच नाही.

सह्या करू नका. त्या पानातलं शिक्षण चुकीचं आहे म्हणून नव्हे, ते दुसऱ्याच्या मापाचं आहे म्हणून. असे कॅम्प बहुधा एकाच पंथाचे किंवा एकाच विचाराच्या मंडळ्यांचे असतात, त्यामुळे 'बुडवून दिलेला बाप्तिस्मा हाच शास्त्राप्रमाणे', 'ख्रिस्त सहस्रवर्षीय राज्याच्या आधी परत येईल', 'एकदा झालेलं तारण कधीच जात नाही' अशी वाक्यं ते बिनधास्त घालतात. तुमचं तसं नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली. त्यात अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. म्हणून लेकरांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य करूनच ती उभी राहिली. 'बुडवूनच' असं लिहिलंत तर तुमच्याच पाळकांना सही करता येणार नाही. शिवाय शिबिराला येणाऱ्या साठ जणांत मेथडिस्ट असतील, पेंटेकॉस्टल असतील, वसईकडचा एखादा कॅथलिक मित्र असेल, कॉलेजातल्या दोन हिंदू मैत्रिणीही असतील. त्यांच्यापुढे हा कागद धरायचा आहे.

आधी ध्येय. ते एका वाक्यात बसलं पाहिजे, आणि त्या वाक्यात चार गोष्टी सापडल्या पाहिजेत: कोणासाठी, किती दिवस, तिथे नेमकं काय करणार, आणि नंतर माणूस कुठे जाणार. 'तरुण पिढीला ख्रिस्तासाठी प्रज्वलित करणे' यात चारपैकी एकही नाही. त्यापेक्षा असं काही लिहा: 'सातारा-पुणे भागातल्या 15 ते 25 वयाच्या तरुणांना तीन दिवस मोबाईल आणि रोजच्या धबडग्यापासून दूर नेऊन, पवित्र शास्त्र स्वतः उघडून वाचायला व शांत बसून प्रार्थना करायला शिकवणं, आणि त्यांना आपापल्या मंडळीत परत पाठवणं.' दिसायला साधं आहे, पण कमिटीत वाद झाला की हेच वाक्य कामाला येतं. कोणी म्हणालं रात्री मोठा साऊंड लावून जाहीर सभा घेऊ, तर वाक्यात ती कुठे आहे ते दाखवा म्हणायचं.

शेवटचे शब्द, 'मंडळीत परत पाठवणं', गाळू नका. ते नसले की दोन-तीन वर्षांत शिबिर हीच एक वेगळी मंडळी होऊन बसते. पोरं रविवारच्या उपासनेला कंटाळतात, शिबिराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच प्रार्थना करतात, आणि पाळक पुढच्या वर्षी पत्रावर सही द्यायला कां-कू करतात. दोष पाळकांचा नसतो.

ध्येय ठरवताना आपण कोणत्या वाटेचे हे कमिटीला कळायला हवं, कारण 'रिट्रीट' या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगळी कामं चालतात.

पहिली वाट इग्नेशियस लोयोलाची, म्हणजे जेझुइट संघ स्थापणाऱ्या कॅथलिक संताची. त्याच्या 'आध्यात्मिक साधने'ला पोपची मान्यता मिळाली 1548 मध्ये. मूळ साधना साधारण तीस दिवसांची, चार 'आठवड्यां'त विभागलेली. आठ दिवसांची रिट्रीट हे तिचं आटोपशीर रूप. इथे मौन मुख्य, प्रवचन कमी. त्यातली पंधरावी सूचना प्रोटेस्टंट शिबिरं चालवणाऱ्यांनीही भिंतीवर लावावी अशी आहे. साधना देणाऱ्याने घेणाऱ्याला कोणत्याही निर्णयाकडे ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं आणि निर्मात्याला त्या माणसाशी स्वतः बोलू द्यावं, असा तिचा आशय आहे. आपल्याकडच्या किती शिबिरांत हे पाळलं जातं ते तुम्हीच बघा.

दुसरी वाट ख्रिस्ती आश्रमांची. मेथडिस्ट मिशनरी स्टॅन्ली जोन्स यांनी 1930 मध्ये कुमाऊँत, नैनितालजवळ सातताल इथे आश्रम सुरू केला. त्यांची पहिली बैठक भाषणाने सुरू होत नसे. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारत: तू का आलास, तुला काय हवंय, आणि तुला खरोखर कशाची गरज आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातला फरक कळायलाच लोकांना वेळ लागे. तिथे पदव्या बाहेर ठेवायच्या, सगळे भाऊ नाहीतर बहीण. आणि आठवड्यातून एक दिवस भंग्याला सुट्टी. त्या दिवशी संडास आश्रमातली मंडळी स्वतः साफ करत. जोन्स यांच्या काळात ही गोष्ट किती मोठी होती ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसरी वाट तुमच्या अगदी दारातली. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. 1919 मध्ये टिळक गेले आणि ते काम त्यांच्या मनासारखं वाढू शकलं नाही. पण मराठीत, भजन-कीर्तनाच्या अंगाने, ख्रिस्ताजवळ बसायचं ही कल्पना तिथे स्पष्ट होती. साताऱ्याच्या जागेवरचं शिबिर तीन दिवस फक्त इंग्रजी कोरस गाऊन उठणार असेल तर मला ते विचित्र वाटतं. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहातली गाणी पेटी-तबल्यावर छान चालतात.

तिन्ही थोडं थोडं घेऊ, असं कमिटी म्हणेल. घ्या, पण मुख्य एक ठरवा. मौन मुख्य असेल तर साठ जण नकोत, पंचवीस पुरे.

आता विश्वासाचा कागद. त्याचे दोन भाग करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

पहिल्या भागात प्रेषितांचा विश्वासांगीकार (उपासनेत म्हणतात ती विश्वासाची जुनी, छोटी कबुली), तोही तुमच्या मंडळीत म्हणतात त्याच शब्दांत. काही जोडायचं नाही, काही सोपं करायचं नाही. तो कॅथलिकांनाही चालतो, पेंटेकॉस्टल उपासनेत म्हणत नसले तरी त्यातल्या आशयाला त्यांची हरकत नसते. खाली एकच ओळ: आम्ही पवित्र शास्त्राला विश्वास आणि आचरणाचा आधार मानतो. झालं. या भागावर सही फक्त विश्वस्त, वक्ते आणि गटप्रमुखांची. शिबिरार्थींकडून सही घ्यायची नाही; ज्याला अजून प्रश्न आहेत त्याच्यासाठीच तर शिबिर आहे.

दुसऱ्या भागाला 'विश्वास' म्हणू नका, 'शिबिराचे नियम' म्हणा. जिथे मंडळ्यांचं एकमत नाही तिथे या जागेत काय होईल आणि काय होणार नाही, एवढंच त्यात असतं. माझ्या मते हे पाच तरी हवेत.

शिबिरात बाप्तिस्मा होणार नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. जवळच नदी आहे, वातावरण भारलेलं आहे, वक्ता उत्साही आहे, आणि सोमवारी मुलीच्या घरी रणकंदन होतं. बाप्तिस्मा हे मंडळीचं काम आहे.

प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) ठेवायचं की नाही ते पाळकांना विचारून आधी ठरवा. ठेवलं तर कोणी द्यायचं आणि कोणी घ्यायचं हे आदल्या दिवशी सांगा. कॅथलिक मुलाला ऐन वेळी रांगेतून उठून बाजूला बसावं लागू नये.

अन्य भाषांत प्रार्थना (पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत केलेली): खासगी मननात ज्याची त्याची मोकळीक, एकत्र सभेत नाही, आणि कोणालाही शिकवायची नाही.

चंगाईसाठी, म्हणजे आजार बरा व्हावा म्हणून, प्रार्थना करा, पण गोळ्या बंद करायला कोणी सांगणार नाही. फिट्स येणाऱ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने 'विश्वासाने' औषध सोडलं तर तीन दिवसांच्या आत दवाखाना गाठावा लागू शकतो. 'भुतं काढणे' तर अजिबात नको. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली, डांबून ठेवलं, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि तो कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही. किंचाळणाऱ्या, थरथरणाऱ्या मुलीला बहुधा झोप, पाणी आणि जवळ बसलेली एक शांत बाई हवी असते. उपास 18 वर्षांखाली कोणालाच नाही.

पाचवा नियम गुप्ततेचा. कोणी गटप्रमुख 'मी कोणाला सांगणार नाही' असं वचन देणार नाही. अल्पवयीन मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्याने (2012) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'प्रार्थनेत ठेवू' हे उत्तर तिथे चालत नाही. गटप्रमुखांना हे आदल्या आठवड्यात तोंडी समजावून सांगा, नुसता कागद देऊ नका.

यानंतर मी प्रत्येक शिबिराला सुचवतो ती कसोटी: विश्वासाच्या कागदातल्या प्रत्येक वाक्यासमोर वेळापत्रकातली जागा लिहा. जागा सापडली नाही तर वाक्य तरी काढा, नाहीतर वेळापत्रक तरी बदला.

'पवित्र शास्त्र आमचा आधार' असं लिहिलंय? मग मुलं स्वतः ते कधी वाचतात? बहुतेक वेळापत्रकांत दिवसाला चार प्रवचनं असतात, म्हणजे चार तास दुसऱ्याने वाचलेलं ऐकायचं. प्रवचनं दोन करा, प्रत्येकी 40 मिनिटं. सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास एकट्याने वाचन, नंतर पाऊण तास सात-आठ जणांच्या गटात तोच उतारा. तीन दिवस मार्कच्या शुभवर्तमानातले तीन उतारे पुरतात. गटप्रमुखाला उत्तरं नको, तीन प्रश्न लिहून द्या. उत्तरं दिली की तो आणखी एक प्रवचन सुरू करतो.

'प्रार्थना' लिहिलंय? शांत बसायची सवय नसलेल्याला पहिल्याच दिवशी तासभर मौन दिलं तर तो झोपतो किंवा चुळबुळतो. पहिल्या दिवशी 15 मिनिटं, दुसऱ्या दिवशी 30, तिसऱ्या दिवशी 45. प्रत्येकाला बसायची जागा ठरवून द्या, एकमेकांकडे पाठ करून. मोबाईल नावाची चिठ्ठी लावून पेटीत, आणि घरच्यांसाठी ऑफिसचा एक नंबर फॉर्मवर छापलेला, नाहीतर आया पहिल्याच रात्री गेटवर येतील.

'ख्रिस्तात सर्व एक' हे गलतीकरांस पत्र 3:28 मधलं वाक्य तर सगळ्यांच्याच कागदावर असतं. त्याची जागा शोधायला चॅपलमध्ये जाऊ नका, नळावर जा. जेवणानंतर तीन टब: पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात गरम, वीसेक ताटं झाली की पहिल्या दोन्हींतलं पाणी बदलायचं. प्रत्येकाने स्वतःचं ताट धुवायचं, पातेली त्या दिवशीच्या गटाने. आणि संडास-बाथरूमच्या सफाईचा तक्ता हाताने लिहून दारावर लावा. त्या तक्त्यात मुख्य वक्त्याचं नाव असलं पाहिजे, पाळकांचंही. बाहेरून सफाईला एक बाई बोलावली आणि तिला मागच्या बाजूला वेगळं जेवायला बसवलं, तर गलतीकरांस पत्रातलं ते वाक्य कागदावरून खोडून टाका.

शेवटच्या रात्रीबद्दल वेगळं सांगतो, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते तिथेच. शेकोटी, रात्रीचे साडेदहा, दोन रात्रींची अपुरी झोप, हळू आवाजात पेटी, आणि 'आज निर्णय घ्या, हात वर करा.' चाळीस हात वर जातात. वर न करणारा एकटा पडतो, म्हणून एक्केचाळिसावाही जातो. पुढच्या मंगळवारी यातलं फार थोडं उरतं, आणि काही मुलांना वाटतं आपणच खोटे. आवाहन करायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी करा, झोप झालेली असताना. हात नको, कार्ड द्या: मला बोलायचं आहे, मला अजून प्रश्न आहेत, मला काही लिहायचं नाही. तिन्ही चौकटी सारख्याच आकाराच्या, आणि कार्ड सगळ्यांनीच परत द्यायचं. ज्याला बोलायचंय त्याच्याशी दिवसाउजेडी, उघड्या जागी, मुलीशी बाईने बोलावं. त्याची परवानगी असेल तर आठवड्याच्या आत त्याच्या पाळकांना फोन. अहवालात 'इतक्यांनी ख्रिस्त स्वीकारला' असा आकडा छापू नका. तो छापला की पुढच्या वर्षी वक्ता त्या आकड्यासाठीच बोलतो.

ख्रिस्ती नसलेल्या मुलांबाबत: फॉर्मवरच मराठीत स्पष्ट लिहा की हे ख्रिस्ती शिबिर आहे, रोज बायबलवाचन आणि प्रार्थना असेल. 18 खालच्यांना पालकांच्या सहीशिवाय प्रवेश नाही, आणि सही बसमध्ये चढताना नाही, आठवडाभर आधी. एखादी शाळा सहलीसाठी जागा मागेल तेव्हा लक्षात ठेवा: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक उपासनेत बसवता येत नाही, हे संविधानाच्या कलम 28(3) मध्येच आहे. 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिर' असं नाव देऊन आत बायबल उघडू नका. ते कायद्यात अडकेल ते राहू द्या, खोटं आहे.

ट्रस्टचं विचारलंत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करताना उद्देशांत 'धार्मिक' हा शब्द लाजून गाळू नका, आणि 'शैक्षणिक, वैद्यकीय, सामाजिक' अशी माळही लावू नका. जे करणार तेच लिहा, कारण पुढे हिशेब त्याच्याशी जुळवावे लागतात. त्या अमेरिकन कॅम्पने पैसे पाठवायची तयारी दाखवली आहे म्हणता. एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हातात येईपर्यंत एक डॉलरही खात्यात घेऊ नका, कमिटीतल्या कोणाच्या वैयक्तिक खात्यात तर नाहीच.

कागद मराठीतच पहिल्यांदा लिहा. आणि पक्का करण्याआधी तरुण संघातल्या सगळ्यात लहान पोराला मोठ्याने वाचायला लावा. तो जिथे अडखळेल तिथलं वाक्य बदला.