आधी जेव, मग बोलू

पोरी, सलाम.

तुझा मेसेज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आलाय. मी पहाटे पाचला उठल्यावर पाहिला, आधी चष्म्याशिवाय वाचला तर अर्धा कळलाच नाही, मग चष्मा लावून वाचला आणि वाटलं नसता कळला तर बरं झालं असतं. पप्पांचं डायपर बदलताना तू त्यांचा हात झटकलास. जोरात. त्यांना बोलता येत नाही, ते नुसते बघत राहिले. आणि तू मोरीत जाऊन रडलीस आणि मला विचारतेयस, मावशी मी ख्रिस्ती आहे का खरंच, की नुसतं दाखल्यावर आहे.

याचं उत्तर मी आत्ता देणार नाही. आधी सांग, त्या रात्री तू जेवली होतीस का?

नव्हतीस. तूच लिहिलंयस, ड्युटीवरून आल्यावर चहा आणि पार्ले-जी. बारा तासांची ड्युटी, घरी आल्या आल्या पप्पांचं ट्यूबचं फीड, अंग पुसणं, कूस बदलणं, आणि पोटात चार बिस्किटं. पप्पांना दर वेळी दोनशे एमएल मोजून देतेस, वहीत टाईम टाकून लिहून ठेवतेस. तुझी वही कुठंय?

सेवेचं महत्त्व मी तुला सांगत बसणार नाही, ते तुला संडे स्कूलपासून पाठ आहे, जरा जास्तच पाठ आहे. मला एकच गोष्ट सांगायचीये आणि ती मी या पत्रात दहादा सांगेन, कंटाळा आला तरी वाच. आधी जेव.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढ. बायबलात 1 राजे 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा पराक्रम करून आलेला माणूस, ईजबेल राणीच्या एका निरोपाने पळत सुटला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. आता आपल्याकडे कुणी असं बोललं तर लगेच दोन बहिणी येऊन वचन सांगतात, विश्वास कमी पडतोय म्हणतात, उपास-प्रार्थना धर म्हणतात. देवदूताने काय केलं? हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी. बस्स. एलीयाने खाल्लं आणि परत झोपला, आणि देवदूताने त्याला झोपू दिलं! नंतर दुसऱ्यांदा उठवून परत खाऊ घातलं, कारण पुढचा प्रवास तुला झेपायचा नाही म्हणाला. चाळीस दिवस चालून होरेबला, देवाच्या डोंगरावर, पोचला तेव्हा कुठे देव त्याच्याशी बोलला, आणि त्या बोलण्यात अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा नेम हेही होतं. क्रम बघ ना जरा. भाकर, झोप, भाकर, मग देवाशी बोलणं. तू मोरीत बसून उपाशीपोटी एकदम होरेबला जायला निघालीस.

पेत्राचं पण तसंच. प्रभूचा शिष्य असून मी त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं होतं त्याने, तुझ्या हात झटकण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे ती. पुनरुत्थानानंतर प्रभू तिबिर्याच्या समुद्राकाठी उभा, निखारे पेटवलेले, त्यावर मासळी, आणि रात्रभर जाळं ओढून दमलेल्या माणसांना काय म्हणाला, या, न्याहारी करा. न्याहारी झाल्यावर विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. मेंढरं सांभाळायचं काम त्याच्याही नंतर. योहान 21, स्वतः वाच, मी सांगते म्हणून नको. याईराच्या मेलेल्या मुलीला प्रभूने उठवलं तेव्हा घरचे सगळे थक्क होऊन उभे, आणि प्रभू म्हणतो, हिला खायला द्या. त्या गडबडीत पोरीला भूक लागली असेल हे कुणाच्याच लक्षात नव्हतं.

मला माहितीये तुझ्या महिला मंडळात कोणतं वचन चालतं. माझ्या पाठवणाऱ्याची इच्छा पूर्ण करणं हेच माझं अन्न. मीही साक्ष देताना हे वचन वीस वर्षं वापरलंय. पण अगं, हे म्हणणारा प्रभू विहिरीपाशी दमून बसला होता हे त्याच अध्यायात, योहान 4 मध्ये, लिहिलंय, शिष्य गावात अन्न विकत आणायला गेले होते हेही लिहिलंय, आणि पुढे त्या गावच्या शोमरोनी लोकांनी आग्रह केला म्हणून तो दोन दिवस तिथे राहिला. दोन दिवस पाहुणा राहिला तर उपाशी राहिला असेल का? आपण सोयीचं तेवढं वचन उचलतो.

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय.

माझी आई पॅरालिसिसने तीन वर्षं अंथरुणाला होती. मी तेव्हा हॉस्पिटलला सिस्टर, दिवसभर लोकांच्या आया उलट्यापालट्या करायच्या आणि घरी येऊन स्वतःची. पाठीला एक फोड येऊ दिला नाही मी तिच्या तीन वर्षांत, हे आजही सांगताना मान वर होते माझी. दर दोन तासांनी कूस, टाचांखाली उशी, चादरीला सुरकुती नाही. शेजारच्या काकू दोनदा डबा घेऊन आल्या, दोन्ही वेळा मी दारातूनच परत पाठवला, म्हटलं आम्हाला काही कमी नाही. एका रविवारी पाळकसाहेबांनी भक्तीत माझं उदाहरण दिलं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. पुढचे कितीतरी महिने मी त्या एका वाक्यावर जगले.

आणि एका संध्याकाळी आईला एकटीने उचलून कमोडच्या खुर्चीवर बसवताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोघी पडलो. तिचं मनगट मोडलं. सगळ्यांना मी सांगितलं फरशी ओली होती. भावाला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, पाळकसाहेबांनाही तेच. फरशी कोरडी होती.

आता तू म्हणशील मावशी तुम्ही तरी काय करणार होता. तेच तर, काय करणार होते मी? भाऊ महिन्याला पैसे पाठवायचा आणि फोनवर सल्ले द्यायचा, वहिनीची दुखणी वेगळी, रजा मिळायची नाही, पगार केवढा होता तेव्हा. हे सगळं खरं आहे. पण काकूंचा डबा दारात होता हेही खरं आहे ना. तो घ्यायला पगार लागत नव्हता.

आणि एक राहिलंच. आईचं बोलणं अर्धवट यायचं, पण एक वाक्य ती नीट बोलायची. ताट इथं आण. म्हणजे माझं ताट. मी तिला चमच्याने पेज भरवायचे, हनुवटी खाली ठेवून, एकेक घोट गिळू देत, अर्धा तास उशांना टेकवून बसवायचे, सगळं पुस्तकाप्रमाणे. आणि ती म्हणायची ताट इथं आण. मी म्हणायचे आई, नंतर. तीन वर्षं मी तिला नंतर म्हटलं. तिला पेज नको होती, माझ्यासोबत जेवायचं होतं, हे मला ती गेल्यावर आठव्या-नवव्या दिवशी कळलं, स्वयंपाकघरात उभ्याने खाताना. असो.

तू विचारलंयस की पप्पांसाठी ब्यूरोतून बाई ठेवली तर पाचव्या आज्ञेचा, आईबापाचा मान राख याचा, भंग होईल का. राग आला मला हे वाचून, तुझा नाही, ज्यांनी तुझ्या डोक्यात हे घातलं त्यांचा. प्रभूने वधस्तंभावरून काय केलं? स्वतःच्या आईची सोय लावली. ज्या शिष्यावर त्याची प्रीती होती त्याला म्हणाला, ही तुझी आई, आणि त्याने तिला घरी नेलं. स्वतःच्या आईला सांभाळायला माणूस नेमला देवाच्या पुत्राने, आणि तू आठ तासांची बाई ठेवायला घाबरतेस? आजच फोन कर. पैशाचं मला माहितीये, भावाकडून माग. त्याने नाही म्हटलं तर मला सांग, त्याच्याशी मी बोलते.

आपल्या केडगावच्या मुक्तीला, पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मिशनला, तू गेलीयेस का? त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेले होते, म्हणून 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. आपल्या लोकांना त्यांचं काय आठवतं, तर 1922 मध्ये जाईपर्यंत त्या काम करत होत्या. पण मुक्तीत विहिरी होत्या, शेती होती, आणि त्यांनी केलेलं बायबलचं भाषांतर छापायला मुक्तीतल्याच बायामुली होत्या. आपण गोष्ट सांगताना या सगळ्या बायका गाळतो आणि एकटी रमाबाई ठेवतो, मग तुझ्यासारख्या पोरी एकटीने रमाबाई व्हायला निघतात. (आणि मंडळीतले पुरुष टाळ्या वाजवतात, पण तो विषय परत कधी.)

आणि हो, पप्पांना वर सरकवताना एकटीने काखेत हात घालून ओढू नकोस. खाली आडवी चादर घाल, दोन बाजूंनी दोघांनी धरून सरकवायचं. हॉस्पिटलमध्ये रोज करतेस आणि घरी विसरतेस, मीही तेच करायचे. दोघं म्हणजे दुसरं माणूस लागणारच. तू माणूस आण.

हात झटकल्याबद्दल पप्पांची माफी माग, त्यांना ऐकू येतं, कळतं. देवाचीही माग. पण जेवून मग माग. उपाशीपोटी मागितलेली माफी कशी लांबत जाते ते मला ठाऊक आहे, रडू कुठलं आणि भूक कुठली हेच कळेनासं होतं. आणि जेवताना ताट पप्पांच्या कॉटपाशी घेऊन बस. त्यांना ट्यूब असली तरी बस. वास येऊ दे त्यांना कालवणाचा.

तू ख्रिस्ती आहेस की नाही ते मंगळवारी बोलू. मंगळवारी मी येतेय, सकाळच्या एसटीने, साडेदहापर्यंत पोचेन. त्याच्या आधी तुमच्या बिल्डिंगमधल्या त्या मंगळसूत्रवाल्या काकू, ज्यांनी मागे विचारलं होतं काही लागलं तर सांग, त्यांना सांग की लागतंय. आठवड्यातून दोन दिवस भाजी-पोळी. लाजू नकोस. मी मेथीची भाजी, भाकरी आणि थोडं सुकटीचं आणतेय, पप्पा झोपले की आपण दोघी बसून खाऊ. आणि डबा मला रिकामाच परत द्यायचा, धुतला नाहीस तरी चालेल. साखर-बिखर काही घालू नकोस त्यात.

तुझी मावशी