आई-वडील ग्रीन कार्डवर अमेरिकेत येतायत, इन्शुरन्स हेल्थकेअर डॉट गव्हवरून घ्यावा की व्हिजिटर इन्शुरन्स पुरेल?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ चे, आई ६३ ची, दोघं ऑक्टोबरात डॅलसला कायमचे राहायला येतायत आणि तुमचे मेहुणे म्हणतायत "सरकारी भानगडीत पडू नका, व्हिजिटर इन्शुरन्स घ्या, स्वस्तात काम होतं." मी इथे नुसती वाचायला येते, उत्तरं वगैरे लिहीत नाही. पण हे मेहुण्यांचं वाक्य वाचलं आणि हातातला चहा गार झाला, कारण माझ्या सख्ख्या दादाने २०२३ मध्ये मला हेच वाक्य ऐकवलं होतं, फक्त "भानगडीत"च्या जागी "लफड्यात" होतं.

आधी थोडक्यात उत्तर. कायमचे येतायत ना, मग व्हिजिटर इन्शुरन्स नको. मार्केटप्लेस, म्हणजे हेल्थकेअर डॉट गव्ह, खासगी कंपन्यांचे प्लॅन विकणारी सरकारी साइट. उतरल्याच्या तारखेपासून ६० दिवस मिळतात, ते वाया घालवू नका. आता बाकीचं सांगते.

दादा न्यू जर्सीत, सिटिझन, त्यामुळे आईचं ग्रीन कार्ड त्याने केलं. राहायला मात्र आई माझ्याकडे, नॉर्थ कॅरोलिनात, कारण दादाच्या घरात जिने फार (हे त्याचं कारण, माझं नाही). आई १४ ऑगस्ट २०२३ ला उतरली. डायबेटिस अठरा वर्षांचा, बीपीची गोळी. दादाने एअरपोर्टवरूनच फोनवर तीन महिन्यांचा व्हिजिटर प्लॅन काढून दिला आणि विषय संपवला. मी विचारलं की अरे ही कायमची आलीय, हिला व्हिजिटर कशाला, तर म्हणे मार्केटप्लेस म्हणजे सरकारी मदत, आपण मदत घेतली की पब्लिक चार्ज (सरकारवर भार होणारा माणूस असा शिक्का), शिवाय मी आय-८६४ वर, म्हणजे आईचा खर्च उचलायच्या हमीपत्रावर, सही केलीय, सरकार उद्या सगळा पैसा माझ्याकडून वसूल करेल. मी गप्प बसले. दादा मोठा, इथे माझ्याआधी अकरा वर्षं आलेला, आणि आमच्या घरात मोठ्याने एकदा सांगितलं की सांगितलं.

मग मंडळाचा गणपती. शनिवारी होता, २३ सप्टेंबर. मोदकाच्या रांगेत माझ्यापुढे एक काकू, सासऱ्यांना आणून दोन वर्षं झालेल्या, त्यांनी आईकडे बघून मला पहिला प्रश्न विचारला: "साठ दिवस झाले का?" मला वाटलं कसला तरी सोयर-सुतकाचा हिशोब विचारतायत. त्या म्हणाल्या अगं इन्शुरन्सचे, बाहेरच्या देशातून राहायला आलं की मार्केटप्लेस साठ दिवसांची खास मुदत देतं, ती गेली की थेट नोव्हेंबरच्या ओपन एनरोलमेंटची (सगळ्यांसाठीच्या वार्षिक नोंदणीची) वाट बघायची आणि कव्हर जानेवारीपासून. मी तिथेच बोटं मोजली. चाळीस झाले होते.

रात्री बसले लॅपटॉप घेऊन. पहिली अडचण अशी की अकाउंट काढताना तुम्ही तुम्हीच आहात हे ते क्रेडिट हिस्टरीवरून पडताळतात, म्हणजे यातल्या कोणत्या रस्त्यावर राहत होतात, गाडीचं कर्ज कधी घेतलंत असले प्रश्न. आईचं अमेरिकेतलं आयुष्य चाळीस दिवसांचं. सगळ्याला "यापैकी नाही" म्हटलं तरी फेल. यात कोणाचा दोष नाही, नवीन आलेल्या प्रत्येकाचं हेच होतं, फक्त तिथे अडकून पडू नका. कागदपत्रं अपलोड करा नाहीतर सरळ फोनवरून अर्ज भरा. मी आठवडाभर तिथेच डोकं आपटत बसले.

शेवटी फोन लावला. आईने स्वतः "हो" म्हणायला हवं म्हणून स्पीकरवर, किचनच्या टेबलावर, समोर ग्रीन कार्ड त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात, आईने चष्मा लावलेला आणि इस्त्रीची साडी नेसलेली, जणू व्हिडिओ कॉल आहे. दुभाषा फुकट मिळतो, आम्हाला हिंदीचा मिळाला. आईचं हिंदी मिरजेचं. त्याने विचारलं "माताजी, क्या आप अभी जेल में हैं?" हा प्रश्न अर्जात खरोखर आहे, तुरुंगातल्या माणसाला मार्केटप्लेसचा प्लॅन मिळत नाही म्हणून. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "जेल? आणि मग हा फोन कुठून लावला म्हणतोय हा?" पुढचा प्रश्न, अमेरिकन इंडियन आहात का. आई ठणकावून, "येस, इंडियन!" मी अक्षरशः टेबलावर झेप घेतली, नो नो नो, कारण तो प्रश्न इथल्या मूळ रहिवासी जमातींचा आहे, त्यांना वेगळ्या सवलती असतात आणि तिथे चुकून हो गेलं की पुढे पुरावे मागतात. तुमच्या वडिलांना हे आधीच सांगून ठेवा, हसण्यावारी नेऊ नका.

आणि तिसरा प्रश्न तंबाखूचा. गेल्या सहा महिन्यांत आठवड्याला चार वेळा किंवा जास्त. सिगरेट आईने जन्मात बघितली नाही पण मिश्री तंबाखूच, आणि मिश्री तिने चाळीस वर्षं लावली. मी श्वास रोखून. "नो," म्हणाली. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता, "बाबा गेले तेव्हाच सोडली की." दोन वर्षं झाली होती बाबांना जाऊन, म्हणजे नियमात बसत होतं. तंबाखूला हो असेल तर कंपनी ५० टक्क्यांपर्यंत जास्त प्रीमियम लावू शकते आणि त्या वाढीव भागाला सबसिडी लागत नाही, म्हणून घरात कोणी मिश्री, तपकीर, मळून खाणारं असेल तर आत्ताच विचारा, आणि खरं तेच सांगा.

प्लॅन निवडला ९ ऑक्टोबरला, छप्पन्नाव्या दिवशी. कव्हर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. स्क्रीनवर अभिनंदन आलं, मी दादाला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला. आणि इथे मी माती खाल्ली. प्लॅन निवडणं म्हणजे इन्शुरन्स मिळणं नव्हे! पहिला हप्ता कंपनीला भरल्याशिवाय तो सुरूच होत नाही, आणि तो वेगळा भरावा लागतो. ऑक्टोबर संपत आला तरी कार्ड येईना म्हणून फोन केला तर कळलं पैसेच भरलेले नाहीत. ३० तारखेला भरले. ३८ डॉलर. हो, महिन्याला अडतीस, सिल्व्हर प्लॅन, कारण आईचं उत्पन्न म्हणजे बाबांच्या मागची फॅमिली पेन्शन आणि एफडीचं व्याज, सगळं मिळून वर्षाला साडेसहा हजार डॉलरच्या आत. तेव्हाच्या नियमात अशा माणसाला सबसिडी मिळत होती. सिल्व्हरच का, तर कमी उत्पन्नवाल्यांना डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) आणि कॉपे (दर भेटीला द्यायची रक्कम) यांतली जादा सूट फक्त सिल्व्हरवर मिळते, ब्राँझचा प्रीमियम कमी दिसतो म्हणून लोक तो घेतात आणि ही सूट घालवतात.

नावाचाही घोळ घातला मी. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच आईचं आणि बाबांचं अशी दोन नावं, ग्रीन कार्डावरही तशीच छापून आलेली, आणि मी शहाणपणा करून अर्जात बाबांचं नाव मिडल नेममध्ये टाकलं. सरकारच्या रेकॉर्डशी जुळलं नाही, पत्र आलं, ९५ दिवसांत पुरावा द्या नाहीतर प्लॅन बंद. कार्डाच्या दोन्ही बाजू अपलोड केल्या, मिटलं. तुम्ही कार्डावर जसं आहे तसंच लिहा, आपल्याला कितीही विचित्र दिसलं तरी. कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, तोवर पासपोर्टमधला इमिग्रंट व्हिसा आणि त्यावरचा एंट्रीचा शिक्का चालतो.

आता दादा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आईच्या पायाला नवीन बुटाचा चावा, त्याची जखम, चौथ्या दिवशी पाय लाल आणि गरम. सेल्युलायटिस. चार दिवस हॉस्पिटल, सलाइनमधून अँटिबायोटिक. बिल ३१ हजार डॉलरच्या पुढे, आम्ही भरले साडेसहाशेच्या आसपास. दादा फोनवर म्हणतो काय, "व्हिजिटरने पण दिले असते." मी त्याला त्याने स्वतः काढलेल्या पॉलिसीचं ते पान वाचून दाखवलं. आधीपासून असलेला आजार आणि त्यातून उद्भवणारं काहीही, वगळलेलं. अचानक बळावला तर थोडं काही देतात, पण डायबेटिसवाल्याच्या पायाची जखम घेऊन कंपनीशी भांडायला कोण बसणार होतं? मीच. मार्केटप्लेसच्या प्लॅनला जुन्या आजारावरून नाकारता येत नाही, २०१४ पासून. हा एवढा एकच मुद्दा पुरेसा आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आणि ते आय-८६४ चं भूत. स्पॉन्सरकडून वसुलीचा विषय येतो तो मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी इन्शुरन्स), फूड स्टॅम्प, एसएसआय (गरीब वृद्ध-अपंगांचा सरकारी भत्ता) असल्या गोष्टींचा. मार्केटप्लेसची सबसिडी ही टॅक्स क्रेडिट आहे, त्यात बसत नाही. आणि सबसिडी न घेता पूर्ण पैसे मोजून प्लॅन घेतला तर मदत तरी कसली, ती तर खरेदी झाली. दादाला हे मी तीनदा समजावलंय, चौथ्यांदा तुमच्या मेहुण्यांना समजावते.

तुमचा खर्चाचा प्रश्न राहिला. इथे मात्र माझा अनुभव जसाच्या तसा धरू नका, कारण ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने हे बदललंय. ग्रीन कार्डला पाच वर्षं न झाल्यामुळे ज्यांना मेडिकेड नाही आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली, त्यांना २०२६ पासून सबसिडी बंद. आईची गेली. दोन माणसांच्या घराला ही रेषा २०२६ च्या कव्हरसाठी २१,१५० डॉलर, म्हणजे तुमच्या वडिलांची पेन्शन, भाडं, व्याज सगळं मिळून साधारण १८-१९ लाख रुपयांच्या वर असेल तर सबसिडी मिळू शकते, खाली असेल तर नाही. उलटं वाटतं ना? गरिबाला नाही, जरा बऱ्याला आहे. वरची मर्यादा ८४,६०० डॉलर, कारण करोनाकाळात आलेली वाढीव सबसिडी २०२५ अखेर संपली. भारतातलं उत्पन्न धरावं लागतं, लपवू नका, दोघांना इथला टॅक्स रिटर्न एकत्र भरावा लागेल आणि अंदाज चुकला तर जास्त घेतलेली सबसिडी आता पूर्ण परत करावी लागते, आधी त्याला मर्यादा असायची. तुम्ही त्यांना तुमच्या रिटर्नवर डिपेंडंट दाखवणार असाल तर सगळा हिशोब तुमच्या उत्पन्नावर जातो, ते आधी सीएला विचारा.

पूर्ण भावात आईचा प्लॅन आज महिन्याला हजार डॉलरच्या वर आहे. वयाप्रमाणे वाढ ६४ ला थांबते, म्हणून ६८ असो की ८० भाव एकच, तेवढाच काय तो दिलासा. पाच वर्षं झाली की मेडिकेअर (६५ च्या वरच्यांचा सरकारी इन्शुरन्स) विकत घेता येईल, आईची ऑगस्ट २०२८ मध्ये होतील. आईची सबसिडी बंद झाल्याचं पत्र आलं तेव्हा दादाचा फोन आला, "बघ, मी म्हणत होतो." मी म्हटलं तू पब्लिक चार्ज म्हणत होतास, सबसिडी जाईल असं म्हणत नव्हतास. मग दोघंही गप्प. जानेवारीपासून अर्धा हप्ता तो पाठवतो, झेलने (बँकेतून पैसे पाठवायची सोय), मेसेज काही लिहीत नाही.

अजून दोन गोष्टी. प्लॅन शोधताना गुगलवर वर येणाऱ्या जाहिरातींत फोन नंबर टाकू नका, दिवसाला चाळीस फोन येतील आणि विकतील शॉर्ट टर्म प्लॅन. तुमच्या टेक्सासला हेल्थकेअर डॉट गव्हच आहे, पण इथे कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनियावाले वाचत असतील तर तुमच्या राज्याची साइट वेगळी. मी एजंट नाही, वकील नाही, इमिग्रेशनचे नियम दर सहा महिन्यांनी हलतायत, तेव्हा अर्ज भरायच्या आठवड्यात एकदा ताजं बघून घ्या. आणि आई-वडील नुसते बी-२ वर सहा महिने फिरायला येणार असतील तर त्यांना मार्केटप्लेस नाहीच, तिथे व्हिजिटर इन्शुरन्सच घ्यायचा असतो. एवढं दादाचं बरोबर आहे.