डंख सापडला नाही, मग साप कसा?

प्रश्न : डॉक्टरबाई, गेल्या आषाढातली गोष्ट. धाकटा भाऊ रात्री सोप्यात घोंगडं टाकून झोपला होता. पहाटे चारला उठला तो पोटात कळा येतात म्हणत. आदल्या दिवशी आखाडीचं मटण झालं होतं, तेच बाधलं असं धरून गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. सात वाजता त्याच्या पापण्या उचलेनात, बोलणं बोबडं झालं. सांगलीला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी अंगभर शोधलं, डंखाची खूण सापडली नाही. तरी सापाच्या औषधाच्या दहा बाटल्या लावल्या आणि घशात नळी घातली. सहा दिवस मशिनवर होता. आता भांगलणीला जातो, म्हणजे ठणठणीत आहे. पण घरातली म्हातारी माणसं अजून म्हणतात, साप नव्हताच, उगाच नळी घातली. आमच्या शिराळ्यात नाग ओळखता येत नाही असं पोर सापडायचं नाही. खूण नाही, सूज नाही, मग साप कसा? – एक शेतकरी, शिराळा तालुका

उत्तर : नाग ओळखता, हीच इथं अडचण झाली. नाग फणा काढतो, चावला की आग होते, जागा सुजते. घोणस चावली तर पाय भोपळ्यासारखा होतो, हिरड्यांतून रक्त येतं. मण्यार यातलं काही करत नाही. ती रात्री फिरते, भक्ष्याच्या मागं घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. दात इतके बारीक, की माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. सकाळी खूण शोधली तर मुंगी चावल्याएवढीसुद्धा दिसत नाही. पहाटे उठल्यावर पोटात कळ, उलटी, घसा धरल्यासारखा. मग पापण्या जड, मग गिळता येईना. हा क्रम आमच्या भागातल्या कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुणालाही पाठ असतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटेची पोटदुखी आणि पडलेल्या पापण्या एकत्र आल्या की खूण असो वा नसो, मण्यार धरूनच चालायचं.

गावातल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. आखाडीच्या दुसऱ्या दिवशी पोट धरून कुणी आलं तर मलाही आधी मटणच आठवेल. फक्त एवढं, की इंजेक्शन देण्याआधी मी त्याला छताकडे बघायला लावीन, पापण्या दमून खाली येतात का ते कळायला.

आता नळी. अशा पेशंटला मी खाटेवर बसवते आणि म्हणते, मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा. धडधाकट माणूस पंचवीस-तीसपर्यंत सहज जातो. हा अठरावर थांबतो. त्याला उशीवरून मान उचलायला सांगते, ती जेमतेम उचलते. वीस मिनिटांनी पुन्हा मोजायला लावते, बारा. पुढच्या खेपेला सात, आणि तोंडातली लाळ गिळता येत नाही म्हणून ओठांच्या कडेनं ओघळते. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन अजून ९७ दाखवतो आणि नातेवाईक मला तो आकडा दाखवून म्हणतात, बघा, चांगला आहे की. तो आकडा सगळ्यात शेवटी पडतो. तो पडेपर्यंत थांबलं तर नळी घाईत, अंधारात चाचपडल्यासारखी घालावी लागते. तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी ती वेळ येऊ दिली नाही.

त्या घटकेला ‘साप होता की नव्हता’ हा प्रश्न दुय्यम असतो. श्वासाचे स्नायू दमले आहेत, एवढं कळलं तरी हात चालवायला पुरतं. रोगाचं नाव संध्याकाळी शोधता येतं. आमच्या, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या, शाखेत आणि बाकीच्या डॉक्टरकीत हाच मोठा फरक आहे. एरवी आधी निदान आणि मग उपचार, इथं बरेचदा उलटं.

दहा बाटल्या लावूनही सहा दिवस मशिन का लागलं, असं तुमच्या म्हाताऱ्यांच्या मनात असणार. प्रतिसर्पविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतं. मण्यारीचं विष मात्र तोवर मज्जातंतूंच्या टोकांत घुसून त्यांची नासधूस करून बसलेलं असतं. ते नुकसान औषधानं भरून येत नाही. टोकं पुन्हा उगवावी लागतात, त्याला दिवस जातात, आणि तेवढे दिवस फुफ्फुसं कुणीतरी चालवावी लागतात. नागाच्या विषात निओस्टिग्मिनच्या इंजेक्शननं पापणी डोळ्यांदेखत वर येते. मण्यारीत त्याचा फारसा भरवसा नाही. आणि बाटल्या पेशंटच्या वजनावर ठरत नाहीत. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच लागतात, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही.

एक गोष्ट तुमच्या भावाला विचारा : मशिनवर असताना त्याला ऐकू येत होतं का? बहुतेक येत असणार. मण्यारीच्या पेशंटचे हातपाय हलत नाहीत, डोळे उघडत नाहीत, बाहुल्यासुद्धा उजेडाला आकसत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, मेंदू गेला. प्रत्यक्षात तो आतून पूर्ण जागा असू शकतो. खाटेशेजारी उभं राहून ‘आता काही खरं नाही’ म्हणणाऱ्या चुलत्यांना मी दंड धरून बाहेर काढलेलं आहे.

नव्वदच्या दशकात मी ज्या हॉस्पिटलात होते तिथं व्हेंटिलेटर दोनच होते आणि दोन्हींवर पेशंट. तिसरा आला मण्यारीचा, ऊसतोड कामगार. नळी घातली आणि तोंडाशी अंबू बॅग लावली. ती रबरी पिशवी हातानं दाबायची, मिनिटाला दहा-बारा वेळा. आम्ही दोघं डॉक्टर किती वेळ दाबणार? त्याच्या मेव्हण्याला शिकवलं. तो दर दोन सेकंदांनी दाबायचा, घाबरून. वारकरी माणूस होता. म्हटलं, सावकाश दोनदा ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणा आणि मग दाबा. मी घड्याळ लावून बघितलं, साडेपाच सेकंद, चोख. त्यानं आणि दोन भावांनी पाळ्या लावून दीड दिवस पिशवी दाबली, तोवर एक मशिन मोकळं झालं. कामगार चालत घरी गेला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा ब्यॉर्न इबसेन या भूलतज्ज्ञानं नेमकं हेच केलं होतं. गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळीनं पिशव्या दाबायला बसवलं. आजचा आयसीयू त्यातून निघाला.

पुढच्या पावसाळ्यासाठी : खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. चावलाच तर दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, साप मारून पिशवीत आणू नका. आणलेला साप अर्धमेला असतो, आणि मला तो नको असतो. चावलेला हात-पाय न हलवता १०८ ला फोन करा.

प्रश्न : वडील जिन्यावरून पडले, मनगट मोडलं. रात्री अकराला हॉस्पिटलात पोचलो, तर तासभर बाहेर बसवलं. आमच्या मागून स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या बाईंना मात्र लगेच आत घेतलं. तातडीच्या विभागातही ओळख लागते का? – विश्रामबाग, सांगली

उत्तर : बाई काय सांगत होत्या ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. पण छातीत दडपण, जबडा दुखतोय, घाम आलाय असं काही असेल तर दारात आल्यापासून दहा मिनिटांत त्यांचा ईसीजी निघायला हवा, मग त्या चालत येवोत की स्ट्रेचरवर. दारातच पेशंटची वर्गवारी होते : लाल, पिवळा, हिरवा. तुमचे वडील बोटं हलवत होते, बोटं गरम होती, तर ते हिरव्यात किंवा फार तर पिवळ्यात. तिथं नंबर लागतो तो गंभीरपणाचा.

मात्र तासाभरात कुणी बाहेर येऊन हे दोन वाक्यांत सांगितलं नाही, आणि दुखणं कमी करायचं इंजेक्शनही दिलं नाही असं तुम्ही पुढं लिहिलंय. ही आमच्या लोकांची चूक. वाट बघायला लावता येतं, कण्हत बसवता येत नाही.

प्रश्न : मुलगी मिरजेच्या सरकारी कॉलेजात इंटर्नशिप करते. पुढं ‘इमर्जन्सी मेडिसिन’ घ्यायचं म्हणते. पाहुणे म्हणतात, आयुष्यभर कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या करणार का, स्वतःचं हॉस्पिटल कधी टाकणार? आमची द्राक्षबाग आहे, डॉक्टर घरात कुणी नाही. काय सल्ला द्यावा? – एक आई, तासगाव

उत्तर : पाहुण्यांच्या डोळ्यापुढची कॅज्युअल्टी मी भोगलेली आहे. तिथं ज्याला कुठंच जागा नाही त्याला बसवत. इंटर्न आणि एक पेंगुळलेला मेडिकल ऑफिसर, बस. कुणी शिकवत नसे. बघून शिकायचं आणि पेशंटवर हात बसवायचा.

माझीच गोष्ट सांगते. नवखी होते, रात्री दोनचा सुमार, पेशंटला नळी घातली आणि खूष झाले. पिशवी दाबली तशी छाती हलेना, पोट मात्र फुगत चाललं. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली होती. वरिष्ठ सिस्टरनी माझ्याकडे न बघता नळी ओढून काढली, मास्क लावला आणि म्हणाल्या, ‘पुन्हा. सावकाश.’ पेशंट वाचला, त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. आज नळीला कॅप्नोग्राफ जोडतात. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट पडद्यावर उठली तर नळी बरोबर, रेघ सपाट राहिली तर काढा. वाद नाही. आणि तुमच्या मुलीचे पहिले वीस प्रयत्न प्लास्टिकच्या पुतळ्यावर होतील, मला मिळाली नाही ती सोय.

ही शाखा अमेरिकेत १९७९ साली स्वतंत्र मानली गेली. आपल्याकडे एमडीला मान्यता मिळाली ती २००९ साली. म्हणजे ती तुमच्या मुलीपेक्षाही वयानं लहान आहे. तीन वर्षांत ती अपघातातल्या माणसाच्या पोटात रक्त साठलंय का हे खाटेशेजारीच सोनोग्राफीनं बघायला शिकेल. छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबणाऱ्या चारजणांच्या गटाला पायथ्याशी उभं राहून, स्वतः हात न लावता, चालवायला शिकेल. औषध मागितलं की सिस्टरनी ते मोठ्यानं पुन्हा म्हणायचं, दिलं की ‘दिलं’ म्हणायचं, हेसुद्धा शिकवावं लागतं. आयसीयूकडं ओढा वाटला तर पुढं क्रिटिकल केअरचं डीएम, म्हणजे एमडीनंतरची वरची पदवी, आहे.

स्वतःचं हॉस्पिटल होणार नाही, हे पाहुण्यांचं बरोबर आहे. हे काम एकटीनं होतच नाही. रात्रपाळ्याही खऱ्या, पन्नाशीत त्या अंगावर येतात, माझ्या आल्या. पण पाळी संपली की ती संपते. दवाखाना टाकलेल्या माझ्या मैत्रिणीचा फोन अजून जेवणाच्या ताटाशेजारी असतो.

तुमची बाग आहे म्हणून एक जास्तीचं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की आमच्याकडे घामानं निथळणारे, तोंडाला फेस आलेले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेले पेशंट येतात. फवारणीचं औषध ऑरगॅनोफॉस्फरस गटातलं असेल तर त्यावरचा उतारा, ॲट्रोपिनचं इंजेक्शन, दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेतो, छातीतली घरघर थांबेपर्यंत. पण बाटलीत नेमकं काय होतं ते कळलं नाही तर अंदाजावर चालावं लागतं. तेव्हा शेडमधल्या बाटल्यांवरची लेबलं काढू नका, आणि उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. मुलगी सुटीवर आली की तिच्याकडून एकदा शेड तपासून घ्या.