ऑफिसला मोहरी रंग चालेल का?

प्रश्न: ताई, मी सावळी, वय 42. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग बिनधास्त घालते, मग परत बेज नि ग्रे. थंडीत मोहरी, मरून ऑफिसला घालू का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर: अगं घाल की! सावळ्या रंगावर मोहरी काय खुलते, उलट बेजनेच तोंड उतरल्यासारखं दिसतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र कॉटनच, आणि ग्रे नको, घामाचे डाग त्यावरच जास्त दिसतात. आपली थंडी म्हणजे जानेवारीतली पहाट, लोकलच्या गर्दीत शिरलं की तीही संपली, त्यामुळे लोकरीच्या नादी न लागता दादरच्या हिंदमाता कापडबाजारात जाऊन मोहरी ओढणी घे, खाली तुझा तोच बेज कुर्ता. संक्रांतीला काळा आहेच. आणि मरून पहिल्यांदा वेगळा धू, माझा पांढरा कुर्ता गुलाबी झालाय!