ट्रान्झॅक्शन फेल झालं, मग फी का कापली?

प्रश्न: इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कवर एक टोकन देऊन दुसरं घेत होतो, रक्कम अगदी थोडी, तरी फी भरमसाट दाखवली. वरून ट्रान्झॅक्शन फेल! टोकन जिथल्या तिथे राहिलं पण फी गेली. परत मिळेल का?

उत्तर: नाही मिळणार, आणि तुमचा वैताग मला अगदी पटतो. पण ही फी रकमेवर लागतच नाही हो, ती लागते कामावर. नेटवर्कला जेवढी आकडेमोड करावी लागते ती गॅसमध्ये मोजतात, साधं इथर (इथेरियमचं स्वतःचं चलन) पाठवायला २१,००० गॅस, मग एक इथर पाठवा नाहीतर हजार. गॅसचा भाव २० ग्वेई (एक ग्वेई म्हणजे इथरचा एक अब्जावा भाग) असेल तर झाले ०.०००४२ इथर. तुमच्या व्यवहारात मात्र स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे नेटवर्कवरच चालणारा प्रोग्रॅम, चाललं, त्याला गॅस बराच जास्त लागतो, आणि ते मधेच अडलं तरी तोवरचं काम तर झालेलंच असतं ना, त्याचे पैसे कापले जातात. फेल झालेलं फुकट सोडलं असतं तर कुणीही मुद्दाम फेल होणारी ट्रान्झॅक्शन्स पाठवून अख्खं नेटवर्क तुंबवून ठेवलं असतं, त्यामुळे नियम कडक वाटला तरी मला तो योग्यच वाटतो.

आता भाव कोण ठरवतं? ऑगस्ट २०२१ पासून त्याचे दोन भाग आहेत. बेस फी नेटवर्कच ठरवतं, आधीचा ब्लॉक (ट्रान्झॅक्शन्सचा एक गठ्ठा) जास्त भरला असेल तर ती वाढते, रिकामा असेल तर उतरते, एका ब्लॉकमागे जास्तीत जास्त १२.५ टक्के. ही कुणाच्या खिशात जात नाही, बर्न होते म्हणजे कायमची नष्ट. वरची टिप तेवढी व्हॅलिडेटरला, म्हणजे ब्लॉक तयार करणाऱ्याला. म्हणून घाई नसेल तर गर्दी ओसरू द्या, खरंच फरक पडतो.

एक कळकळीने सांगते, फी वाचवायला गॅस लिमिट, म्हणजे व्यवहाराला जास्तीत जास्त किती गॅस वापरू द्यायचा ती मर्यादा, कमी करू नका. न वापरलेल्या गॅसचे पैसे लागत नाहीत, पण लिमिट कमी पडली तर व्यवहारही होत नाही आणि त्या लिमिटएवढी पूर्ण फी जाते.

बिटकॉइनचं गणित वेगळं आहे, तिथे ट्रान्झॅक्शनचा डेटा किती जागा घेतो त्यावर फी. लहान लहान रकमा बऱ्याच वेळा जमा झाल्या असतील आणि त्या एकत्र करून पाठवायच्या असतील तर डेटा वाढतो, फीही वाढते.

तुमचं नेमकं कशामुळे फेल झालं ते ब्लॉक एक्सप्लोररवर (नेटवर्कवरचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) ट्रान्झॅक्शनचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, टाकून बघा. गॅस संपला असेल तर लिमिट वॉलेट सुचवेल तेवढीच ठेवा, आणि मधल्या वेळात टोकनचा भाव सरकला असेल तर स्लिपेज (दाखवलेल्यापेक्षा भाव किती वाईट झाला तरी चालेल ती मर्यादा) थोडं वाढवून बघा, पण थोडंच, नाहीतर फारच वाईट भावात सौदा होऊन बसेल.